ठोसेबाजाची कुस्ती: यूएफसी 270 ची गोष्ट

आज जायचंय कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला. तारीख 22 जानेवारी 2022. हेवीवेट विजेतेपदासाठी पिंजऱ्यात दोघं उभे: कॅमेरूनचा फ्रान्सिस एन्गानू आणि फ्रान्सचा सिरिल गान. पॅरिसच्या एकाच जिममध्ये दोघांनी सराव केलेला.

एन्गानू लहानपणी वाळूच्या खाणीत राबला. सहारा ओलांडून, मोरोक्को-स्पेनमार्गे पॅरिसला पोचला. तिथे आधी पार्किंगमध्ये झोपायचा. त्याची ओळख एकच: ठोसा. 2018 मध्ये स्टीपे मिओचिचनं कुस्तीच्याच जोरावर त्याला हरवलं होतं.

इथेही पहिल्या दोन फेऱ्यांत गान वरचढ ठरला. शिवाय एन्गानूचा गुडघा आधीच दुखावलेला. तिसऱ्या फेरीत मात्र या ठोसेबाजानं गानला चक्क उचलून आपटलं! पुढे कुस्तीच्याच बळावर पाच फेऱ्या काढल्या. तिन्ही पंचांचा कौल त्यालाच: 48-47, 48-47, 49-46.

पण दुसरी लढत पिंजऱ्याबाहेर चालू होती, कराराची. एन्गानूला बॉक्सिंगची मुभा हवी होती, लढवय्यांसाठी आरोग्य विमा हवा होता. बोलणी फिसकटली. जानेवारी 2023 मध्ये यूएफसीनं त्याला मोकळं केलं आणि पट्टाही गेला. चालू विजेता असा निघून जाणं फार दुर्मीळ.

ऑक्टोबर 2023 मध्ये रियाधला तो पहिली व्यावसायिक बॉक्सिंग लढत खेळला, थेट टायसन फ्युरीशी. निसटता हरला, पण तिसऱ्या फेरीत फ्युरीला खाली पाडूनच.

आता सांगा, त्याच्या जागी तुम्ही असता तर पट्टा सोडला असता?