गोरसीतले लाकूड

पौषाची थंडी पडली, की रायपुरात अजूनही काही अंगणांतून मातीची गोरसी पेटते. आपली शेगडीच ती. तिच्यात धावडा घालावा, असे जाणते सांगतात. त्याचा निखारा जड आणि टिकाऊ असतो. पळसाला कोणी विचारीत नाही. परंतु हवे ते लाकूड हाती येणे, ही गोष्ट निराळी. १८७८ च्या कायद्याने सरकारला राने राखीव करता आली. साल रुळांखालच्या स्लीपरांसाठी तोडला जाऊ लागला. आणि १९०० साली धमतरीपर्यंत अरुंद रूळवाट पोहोचताच तिकडच्या लाकडाला रायपूरचा बाजार मोकळा झाला. रानाशेजारच्या माणसाला मात्र सरपणासाठी परवानगी मागणे आले. आम्ही स्वतः सरकारी कारकून. परवानगी मिळण्यास किती हात लागतात, हे आम्हांस ठाऊक आहे! जानेवारी १९२२ मध्ये नगरी-सिहावाच्या आदिवासींनी ती न मागताच राखीव रानात कुऱ्हाड चालविली व तुरुंग पत्करला. आमच्या वाचनातील इतिहासग्रंथ १९३० च्या जंगल सत्याग्रहांविषयी भरभरून लिहितात. आठ वर्षे आधीच्या या सरपणाला तेथे जेमतेम एक ओळ मिळते. शेतबांधावरची बाभूळ तेवढी शेतकऱ्याच्या हाती उरली. तीही झकास जळते.