सोवळी लावणी, ओवळी लावणी



होनाजी-बाळाची भूपाळी आपल्यापैकी बहुतेकांनी पहाटे ऐकलेली असेल. १९५१ साली व्ही. शांतारामांच्या 'अमर भूपाळी' या बोलपटातून ती घरोघर पोचली. चाल वसंत देसायांची, आवाज लता मंगेशकर आणि पंडितराव नगरकर यांचे. ती देवघरात चालते, शाळेच्या प्रार्थनेतही चालते. पण होनाजी शिलारखाने हा गवळ्याचा मुलगा काही भूपाळ्यांवर नावारूपाला आला नाही. तो लावण्या रचायचा, जोडीदार बाळा कारंजकर त्या गायचा, आणि उत्तर पेशवाईतले पुणे त्यांवर खूष असायचे. त्यांतल्या पुष्कळशा लावण्या कोणताही गुरुजी वर्गात वाचून दाखवणार नाही!

संगमनेरच्या अनंत फंदींचेही तेच. त्यांचा उपदेशाचा फटका शाळकरी पोरांनी पाठ केला. लावणी तेवढी पुस्तकाबाहेर राहिली. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर फंदींनी तमाशा सोडून कीर्तन धरले, असे सांगतात. सोलापूरचे राम जोशीही अखेर कीर्तनाकडे वळले. या कथा आपल्याला फार आवडतात, कारण त्यांत शाहीर 'सुधारतो'. मला त्यांत दुसरेच दिसते. सोवळे गाणे आणि ओवळे गाणे एकाच तोंडचे होते, आणि त्या काळच्या श्रोत्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. फरक होता तो वेळेचा.

आता तमाशाची रात्रच बघा ना. आरंभी गण, म्हणजे देवाचे नमन. मग कृष्णाची गौळण. मग लावण्यांची रंगबाजी, आणि उत्तररात्री वग. जसजशी रात्र चढे तसतशी लावणी मोकळी होई. त्यातच दौलतजादा. समोरच्याने रुपया काढला की त्याच्या मर्जीची लावणी पुन्हा म्हणायची. चावट कडव्याला पैसा जास्त पडे. तेव्हा ते कडवे गाणारणीच्या तोंडी असले तरी मागणी फेटेवाल्याची होती, हे विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्य आले आणि बाळासाहेब खेर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना (१९४६–५२) तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी आली. फडांच्या चुली विझायची पाळी आली. महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या ज्या कलावंतांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जगवली, त्यांच्या हाताला दुसरे काम कोण देणार होते? ओरड झाली, बंदी उठली, पण अटीवर: वग आणि गाणी आधी लिहून दाखवा, मंजुरी घ्या, मग बोर्डावर उभे राहा. पुढे १९६० साली सार्वजनिक करमणुकीच्या प्रयोगांसाठी जे नियम झाले, त्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे यांचा मुद्दाम उल्लेख आहे. फडांच्या पाट्यांवर 'तमाशा'च्या आधी 'लोकनाट्य' हा सभ्य शब्द येऊन बसला.

पण कागदावर तपासायचे काय? लावणीचा अर्धा अर्थ शब्दांत असतो, उरलेला अदेत. बैठकीच्या लावणीत गाणारीण जागची उठतसुद्धा नाही. एकच ओळ ती पाच-सात वेळा घेते. एकदा नजरेने रुसवा दाखवील, एकदा भुवईने थट्टा, एकदा पदर सावरता सावरता विरह. शब्द तेच, अर्थ दर खेपेला निराळा. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची ख्याती याच अदाकारीची. शाईने काट मारली तर शब्द जाईल. भुवईवर काट कशी मारणार? उलट एखादी शब्दांनी भडक लावणी अशा गाणारणीच्या गळ्यात खानदानी होऊन जाते.

या हिशेबाने रेडिओ म्हणजे मोठाच परीटच म्हणायचा. ध्वनिक्षेपकापुढे डोळे नाहीत, हात नाहीत, दौलतजादाही नाही. राहतो तो सूर आणि ढोलकी. लावणीला घरच्या माजघरात वाट मिळाली ती त्यामुळे. दुसरी वाट सिनेमाची. १९५५ साली पुणे केंद्रावरून ज्यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि छप्पन गीतांनी घरोघरच्या आयाबाया हात जोडून बसल्या, त्या ग. दि. माडगूळकरांनीच १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'साठी लावणी लिहिली. वसंत पवारांनी चाल लावली, आशा भोसल्यांनी ती म्हटली. होनाजीच्या भूपाळीसारखाच हा प्रकार. पण माडगूळकरांना कुणी सुधारायला गेले नाही.

सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांनी तर डोक्यावरून पदर घेऊन लावणी म्हटली. नाच नाही, हावभाव नाही; सगळी अदा आवाजात. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या ध्वनिमुद्रिका जत्रेत वाजल्या, लग्नाच्या मांडवात वाजल्या. त्याच जत्रेत, मांडवापासून हाकेच्या अंतरावर, फडाची कनात लागलेली असे. ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्या घरातली बाईमाणसे त्या कनातीकडे फिरकत नसत. पुरुष तेवढे रात्री जेवण उरकून, घोंगडी खांद्यावर टाकून तिकडे निघत.