पाय ओलांडला की गडी गेला

आज मी कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनम्‌मध्ये आहे. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेलं इथलं देऊळ कंपहरेश्वराचं, म्हणजे थरकाप घालवणाऱ्याचं. नाव ऐकलं आणि कोपऱ्यात उभे असलेले माझे लटपटते पाय आठवले.

इकडे सडुगुडु, आपल्याकडे हुतूतू. १९२३ मध्ये बडोद्यात नियम छापले गेले, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकं आली. पण बचावाची पहिली शिकवण जुनीच: जवळच्या अंतरात पाय ओलांडायचा नाही. वजन चवड्यांवर, गुडघे वाकलेले, पाय सरकवत चला. एक पाय दुसऱ्यापुढून गेला की कात्री होते, आणि चढाईपटू नेमक्या त्याच क्षणाची वाट बघतो. अमेरिकन फुटबॉलमधल्या लाइनबॅकरलाही हेच घोटवतात; लांब धावायचं असेल तरच ओलांडायची मुभा. दोन खेळ एकमेकांना ओळखतही नव्हते, बरं का!

बदललं ते मैदान. मातीत अनवाणी बोटं रुतायची, चुकलेला पाय घसरून सुटायचा. मॅटवर बूट पाय धरून ठेवतो आणि पीळ गुडघ्यात जातो. मी मातीतला गडी, मॅटवर पहिल्याच सामन्यात घाईने पाय ओलांडला. आज या देवळाच्या पायऱ्या कठड्याला धरून चढलो.