सवय लागते का हो?

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला नैराश्यावरची गोळी लिहून दिली, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "अरे, सवय नाही ना लागायची?" आम्ही पडलो गूगल-पंडित. लगेच सांगितलं, "अगं आई, ही काय झोपेची गोळी आहे का? हिची सवय लागत नाही." विषय संपला. ऑफिसात मात्र ती गोळी मी व्हिटॅमिनच्या डबीत ठेवायचो. आता बोला!

परवा वाचताना कळलं की आईचा हा प्रश्न ब्रिटनमध्ये १९९१ साली सुमारे दोन हजार लोकांना विचारला गेला होता. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांचं आणि फॅमिली डॉक्टरांचं अशी दोन्ही रॉयल कॉलेजं मिळून 'डिफीट डिप्रेशन' नावाची मोहीम (१९९२ ते १९९६) काढणार होती, त्याआधीची ही पाहणी. नैराश्याच्या पेशंटला समुपदेशन द्यावं म्हणणारे ९१ टक्के. गोळ्या द्याव्यात म्हणणारे फक्त १६ टक्के. आणि या गोळ्यांची सवय लागते म्हणणारे ७८ टक्के! म्हणजे शंभरातले अठ्ठ्याहत्तर साहेब माझ्या आईच्या पार्टीत.

याला अडाणीपणा म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. हे लोक नुकतेच पोळले होते. १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आलं, आणि चिंता, झोप, घरातली कटकट, सगळ्यावर डॉक्टर ते वर्षानुवर्षं लिहून देत राहिले. पुढे लक्षात आलं की अनेकांना ते सोडताच येत नाहीये. १९८८ साली तिथल्या औषध-सुरक्षा समितीला सांगावं लागलं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांच्या वर देऊ नका. त्यानंतर तीनच वर्षांनी तुम्ही विचारताय, गोळी घेणार का? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

तज्ज्ञांचं म्हणणं होतं की हे ताकच आहे. नैराश्यावरच्या गोळ्या व्हॅलियमच्या कुळातल्या नाहीत, त्यांची तलफ येत नाही, नशेसाठी डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. हे खरंच आहे. त्यामुळे मोहिमेने डॉक्टरांना सांगितलं, पेशंटला स्पष्ट सांगा, सवय लागत नाही. चार-पाच वर्षांच्या प्रचारानंतर लोकांची मतं बदलली ती पाच-दहा टक्क्यांनी.

माझ्या मते घोळ शब्दाचा होता. तज्ज्ञ उत्तर देत होते व्यसनाबद्दल. लोक विचारत होते, "सोडताना त्रास होईल का?"

२००२ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा'ने सेरोक्झॅट, म्हणजे पॅरोक्सेटिन, या गोळीवर कार्यक्रम केला. प्रेक्षकांचे १,३७४ ईमेल आले! गोळी थांबवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, गरगरतं, असं कित्येकांनी लिहिलं होतं. तरी पुढे बरीच वर्षं अधिकृत सल्ला हाच, की त्रास सहसा किरकोळ असतो, आठवड्याभरात जातो. (आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात.) अखेर २०१९ साली मानसोपचारतज्ज्ञांच्या त्याच रॉयल कॉलेजने मान्य केलं की काहींना हा त्रास तीव्र होतो आणि बराच काळ टिकतो, म्हणून डोस हळूहळू उतरवा.

म्हणजे गोळ्या थोतांड का? अजिबात नाही. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्र अभ्यास आला. त्यातली २१ च्या २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक फार मोठा नव्हता, पण होता. मला तर त्या गोळीने सकाळी अंथरुणातून उठवलं.

असो. गेल्या वर्षी गणपतीत घरी जायचं होतं, गोळ्या नातेवाइकांच्या नजरेला पडायला नकोत, आणि तसंही बरं वाटत होतं. दिली एकदम बंद करून. तिसऱ्या दिवशी आरतीला मान वळवली आणि डोक्यात खट्कन करंट! पुढचे दोन दिवस गरगरणं, मध्येच रडू. मला वाटलं, आजार परत आला. डॉक्टरांनी फोनवर झापलं, गोळी पुन्हा सुरू केली आणि पुढे चार महिने घेऊन थोडी थोडी उतरवली.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग तेव्हा एवढ्या ऐटीत काय सांगत होतास?"