पाचशे रुपयांचा हिशेब आणि माणसाची इज्जत

गटारात उतरलेला माणूस मेला की दोन-तीन दिवस हळहळ व्यक्त होते. मग एखादा शहाणा विचारतो, "पण हे काम कोणीतरी करायलाच हवे ना? आणि त्यांचेही पोट त्यावरच चालते ना?" विचारणाऱ्याला वाटते, आपण फार व्यवहाराचे बोललो. आम्हाला मात्र हा प्रश्न ओळखीचा आहे. तो बाबासाहेबांनाही विचारला गेला होता. धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात त्यांनी ती हकिकत सांगितली आहे.

मार्च १९२७ च्या महाड परिषदेपासून बाबासाहेब आपल्या लोकांना सांगत होते, मेलेले जनावर ओढू नका, मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका. त्यावर 'केसरी'तून आकडेमोड मांडली गेली. गावात इतकी गुरे मरतात, त्यांचे कातडे, शिंगे, हाडे, मांस यांचे मिळून पाचशे रुपये होतात. आंबेडकर आपल्याच गरीब लोकांचे नुकसान करीत आहेत. बाबासाहेबांचे उत्तर साधे होते. एवढा फायदा असेल तर तुम्हीच ते काम करा, वर आणखी पाचशे रुपये मी माझ्या पदरचे देतो. अर्थात कोणी पुढे आले नाही. माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते, हे त्यांना त्यातून सांगायचे होते.

आमच्या मते हा केवळ हजरजबाबीपणा नव्हता. नीतिशास्त्राच्या पुस्तकांत शेकडो पाने घेणारा वाद त्यांनी दोन वाक्यांत निकालात काढला.

'केसरी'तील हिशेब हा उपयुक्ततावादाचा हिशेब होता. बेंथम आणि मिल या इंग्रज विचारवंतांनी सांगितले की ज्या कृतीने जास्तीत जास्त लोकांचे सुख वाढते ती कृती चांगली. या विचारात एक मोठी गोष्ट आहे: राजाचे सुख आणि रंकाचे सुख सारखेच मोजायचे. म्हणून बाबासाहेबांनीही ही कसोटी फेकून दिली नाही. 'हिंदुत्वाचे तत्त्वज्ञान' तपासताना त्यांनी दोन कसोट्या लावल्या, न्याय आणि उपयुक्तता, आणि दोन्हींवर ती व्यवस्था नापास ठरवली. पण न्यायाला सोडून नुसती उपयुक्तता मोजली की काय होते, ते त्या पत्रात दिसते. कातडे मोजले, शिंगे मोजली, हाडे मोजली. ओढणाऱ्याचा अपमान कोणत्याच रकान्यात आला नाही. हिशेब करणारा गावात राहणार होता आणि जनावर ओढणारा गावकुसाबाहेर. पाचशे रुपये पुढे करून बाबासाहेबांनी हिशेब करणाऱ्यालाच त्या जागी उभे केले. तिथे त्याचा हिशेब कोसळला.

दुसरा सिद्धांत कर्तव्याचा. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणतो, फळाकडे न पाहता कर्तव्य करावे. आपल्याकडे हे ऐकताच लोकांना गीता आठवते. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) कांट, मिल, ग्रीन यांच्या विचारांशी गीतेची तुलना केली आहे. पण फरक दडवून चालणार नाही. कांटचे कर्तव्य माणूस स्वतःच्या विवेकाने स्वतःवर घालून घेतो, आणि कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हा त्याचाच नियम आहे. गीतेचा स्वधर्म जन्माने ठरतो. तो सदोष असला तरी सोडू नये, असा तिचा उपदेश आहे. जे नाकारताच येत नाही त्याला कर्तव्य म्हणायचे की वेठ?

१९३६ साली बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' या न झालेल्या भाषणात याच मुद्द्यावर बोट ठेवले. नियम आणि तत्त्व यांत त्यांनी भेद केला. नियम सांगतो, अमुक कर. तत्त्व विचार करायला लावते, म्हणून तत्त्वाने वागणाऱ्यावर आपल्या कृतीची जबाबदारी येते. जिथे नुसते नियम आहेत तिथे आज्ञापालन असते, नीती नसते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये आदर्श सफाई कामगार कसा असावा यावर लेख लिहिला आणि त्याची सेवा ब्राह्मणाच्या सेवेच्या बरोबरीची ठरवली. गांधीजी स्वतः संडास साफ करीत, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यांनी झाडू स्वेच्छेने उचलला होता आणि वाटेल तेव्हा ते तो खाली ठेवू शकत होते. ज्याच्या हाती जन्मतःच झाडू दिला गेला, त्याला ही मुभा कुठे होती? संयुक्त प्रांताच्या १९१६ च्या नगरपालिका कायद्यात घरोघरची सफाई हा सफाई कामगाराचा रूढीने आलेला 'हक्क' म्हटला होता, आणि त्याने तो नीट बजावला नाही तर दहा रुपयांपर्यंत दंड होता! न बजावल्यास दंड होतो असा हा हक्क. बाबासाहेबांनी हा कायदा नोंदवून ठेवला आहे. सक्तीच्या कामाला थोर सेवा म्हटल्याने सक्तीच पक्की होते, हे त्यांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात ठणकावून सांगितले. २०१९ च्या प्रयागराज कुंभात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले, तेव्हा आम्हाला तीच पाने आठवली. पाय धुतल्याने झाडू हातातून सुटत नाही.

आता आजच्या कायद्याकडे या नजरेने पाहू. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा. तो अमलात आला ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी. गटारात धोकादायक पद्धतीने माणूस उतरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. पण व्याख्येतच एक पळवाट आहे. सरकारने ठरवलेली साधने आणि संरक्षक साहित्य दिले की तो माणूस 'हाताने मैला साफ करणारा' धरला जात नाही. नियम पाळला गेला, तत्त्व मेले! हातमोजे जीव वाचवत असतील तर ते मिळालेच पाहिजेत; पण हातमोजे घातल्याने जात बदलत नाही.

नुकसानभरपाईचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १९९३ पासूनच्या गटारातील मृत्यूंसाठी दहा लाख रुपये ठरवले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. हे निकाल लढून मिळवलेले आहेत आणि कुटुंबांना पै न पै मिळाली पाहिजे. पण तीस लाख ही माणसाची किंमत समजून यंत्राच्या खर्चाशी कोणी तुलना करू लागला, तर तो 'केसरी'चाच हिशेब पुढे चालवतो आहे.

एक अवघड प्रश्न आमच्याच घरातला आहे. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. कंत्राटी पद्धतीच्या काळात ही कायम नोकरी म्हणजे घराचा आधार आहे. पण बापाचा झाडू मुलाकडे जातो, हेही खरे. मग बाबासाहेबांचे नाव घेऊन आम्ही त्या मुलाला नोकरी सोडायला सांगायचे का? नाही. भरल्या पोटी दुसऱ्याला त्याग शिकवणे हाही वरून केलेला हिशेबच आहे. हक्क राहिला पाहिजे, पण त्यातून झाडूची सक्ती गेली पाहिजे. शिकलेल्या वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे पद मिळाले पाहिजे, आणि तेही प्रत्यक्षात. सफाईच्या कायम जागा सर्व जातींनी भरल्या पाहिजेत. वाल्मिकी, मेहतर, मातंग, बौद्ध यांच्याच वस्त्यांतून माणसे का येतात, याचे उत्तर प्रत्येक महापालिकेने दिले पाहिजे.

नकार देता येणे हीच प्रतिष्ठेची खूण आहे. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलितांना गोरक्षकांनी बेदम मारले. त्यानंतर सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली जनावरे जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आणून टाकली आणि ती उचलण्यास नकार दिला. नागपूरच्या भाषणाला तेव्हा साठ वर्षे होत आली होती. आणि त्यांनी नुसता नकार दिला नाही, जमीन मागितली. कारण पर्यायाशिवाय नकार टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून "हे काम कोणीतरी करायलाच हवे ना?" असे जो विचारेल, त्याला आम्ही एवढेच विचारू: त्या 'कोणीतरी'मध्ये तुम्ही आहात का? तुमचा मुलगा आहे का? नसेल, तर आधी ते काम यंत्राकडे द्या. मग नीतीवर बोलू.

जय भीम!