बंबाला विस्तव देणं

दिवाळी आठवड्यावर आली की मंद्रूपमध्ये माळ्यावरचे बंब खाली उतरतात, आणि मग मला निरोप यायला लागतात: काकू, आमचा बंब धरत नाही, नुसता धुपतोय. कारण विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर, बंब जुना झाला. मला ते पटत नाही. जाड तांब्याचा बंब दोन-तीन पिढ्या सहज काढतो. तो पेटेनासा झाला, कारण घरातली चूल गेली आणि तिच्याबरोबर विस्तव गेला.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्या म्हणत असू, बंबाजवळ काडेपेटी नेलेली मी कधी पाहिली नाही. आधी चूल. चुलीतली शेणी लालभडक झाली की पत्र्याच्या तुकड्यावर चार निखारे घ्यायचे, न्हाणीत जायचं, बंबाच्या मधल्या नळ्यात ते वरून सोडायचे. त्यावर तुराट्या मोडून उभ्या घालायच्या आणि बाजूला व्हायचं. थोडा वेळ नुसता निळसर धूर. मग नळ्यातून घोंऽऽ असा आवाज उठायचा, आणि तो कानावर आला की आत्या निर्धास्त चहाकडे वळायच्या. “बंब पेटवायचा नसतोय गं, त्येला विस्तू द्यायचा असतोय,” असं त्या म्हणायच्या.

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. बंब म्हणजे तांब्याची एक उभी टाकी आणि तिच्या पोटातून आरपार गेलेला नळा. नळ्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेचं आणि हवेचं दार. भोवतीचं पाणी रात्रभर गार झालेलं, म्हणून नळ्यातली हवाही गार आणि जड. अशा नळ्यात कागद पेटवून टाकला तर तो जळून जातो, पण हवा वर सरकत नाही. वरून ओढ नाही म्हणून खालून वारा येत नाही, आणि धूर राखेच्या दारातून न्हाणीत पसरतो. निखारा मात्र ज्वाळा न करता सावकाश नळा तापवतो. एकदा ऊन हवा वर चढायला लागली की पुढचं काम बंब स्वतः करतो.

ही युक्ती एकट्या महाराष्ट्राची नाही. रशियातला सामोवार याच घडणीचा: मध्ये विस्तवाचा नळा, भोवती पाणी. तिथल्या ‘तुला’ नावाच्या शहरात लिसित्सिन घराण्याचा सामोवारचा कारखाना १७७८ पासूनचा मानला जातो. पेटवताना रशियन बाया सामोवारच्या डोक्यावर पत्र्याची उंच नळी बसवत, ओढ वाढावी म्हणून. १८७७ मध्ये सोलापुरात सुरू झालेल्या जुन्या मिलसारख्या वाफेच्या गिरण्यांची धुराडी उंच असत, त्यामागचं एक मोठं कारण हेच. म्हणून मीही लोकांना सांगते, दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा सुरुवातीला नळ्यावर उभा करा. बंबाचं धुराडं मुळात हात-दीड हात. त्याला तेवढा आधार पुरतो.

आपल्याकडे बंब घडवणारे तांबट. पेशवाईत कोकणातून वर आलेल्या तांबटांची आळी पुण्याच्या कसबा पेठेत आजही आहे, आणि तांब्यावर एकसारखे ठोके देण्याचं त्यांचं मठारकाम नावाजलेलं आहे. ते ठोके शोभेपुरते नसतात, ठोकून तांबं कडक होतं. पत्रा ठोकायचा, सांधे टाकणखार लावून झाळायचे, मग पाणी भरून पाझर बघायचा. सरकारी तपासणी मात्र बंबाला लागली नाही: १९२३ च्या बॉयलर कायद्याने पाच गॅलनपेक्षा मोठं, दाबाखाली वाफ करणारं बंद भांडं तेवढं बॉयलर ठरवलं. गिरणीच्या बॉयलरला तपासणी आणि दाखला लागे. बंबाचं तोंड उघडं, त्यात दाब साठतच नाही, म्हणून त्याला ना साहेब ना दाखला. त्याची देखरेख घरच्या बाईकडे आणि दुरुस्ती तांबटाकडे, अशी वाटणी आपोआप झाली.

मंद्रूपच्या मातीला तर बंब फारच मानवला. आमचा दक्षिण सोलापूर तालुका काळ्या रानाचा. ज्वारी आणि तूर भरपूर, झाडं थोडी. लाकडाच्या मोळ्या आणणार कुठून? पण तुराट्या, पऱ्हाट्या, धसकटं, बाभळीच्या काटक्या रानातच मिळत, आणि बंबाच्या अरुंद नळ्याला नेमकं असंच बारीक जळण लागतं. आता लोक वखारीतला ओंडका फोडून कोंबतात. तो नळाच बुजवतो, मग वारा जाणार कुठून?

पूर्वी घरात विस्तव विझला तर शेजारी मागायला जात. काडेपेटी आली, १९२३ मध्येच विम्को कंपनी निघाली, अंबरनाथला तिचा कारखाना झाला. तरी चुलीत राख ओढून निखारा जपायची सवय सुटली नव्हती. ती सुटली गॅसमुळे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर तर वस्तीवरसुद्धा सिलिंडर पोचले. चुलीच्या धुरातून बायकांचे डोळे सुटले याचा मला मनापासून आनंद आहे. चूल परत यावी असं मी म्हणणार नाही. फक्त बंबाचा विस्तव आता वेगळा करावा लागतो, एवढंच सांगते: नारळाच्या करवंटीचे दोन तुकडे गॅसवर चिमट्यात धरून लाल करायचे आणि नळ्यात सोडायचे.

तेवढ्यानेही धरला नाही तर मग बंबाचं अंग तपासावं. वरून नळ्यात डोकावून राखेच्या दाराशी विजेरी धरायला सांगावी. उजेड अंधुक दिसला तर जाळीची भोकं राखेने बुजलीत, किंवा काजळीने नळा आवळलाय. काठीला काथ्या गुंडाळून तो घासून काढावा. बंब पेटतो आणि चर्र आवाज करून विझतो, धूर काळा न येता पांढरी वाफ येते, तेव्हा नळ्याचा सांधा सुटलेला असतो. खात्री करायची तर बंब भरून ठेवावा, जाळीखाली कोरडा कागद ठेवावा आणि सकाळी बघावा. सांधा सुटतो तो बहुधा पाणी न भरता जाळ केल्यामुळे. आत्या आधी तोटी सोडून पाण्याची धार बघायच्या, मगच निखाऱ्याला हात लावायच्या.

बोअरच्या पाण्याने नवीनच दुखणं आणलंय. नळ्याला पाण्याच्या बाजूने क्षारांची पांढरी खपली धरते, जाळ भरपूर होतो तरी पाणी कोमटच राहतं, आणि उष्णता पाण्यात न गेल्याने सांधे भाजून निघतात. चिंचेचं पाणी रात्रभर भरून ठेवलं की खपली मऊ पडते. दोन-तीनदा केल्यावर ती तोटीतून चुऱ्यासारखी बाहेर येते.

भीमेपलीकडच्या कानडी घरांत नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीतलं भांडं घासून, पाणी भरून पुजतात. आमच्याकडच्या कानडी घरांतही ते चालतं. मी त्या दिवशी बंब बघायला जाते ते यासाठीच: घासताना झाकण, जाळी, तोटी सगळं सुटं केलेलं असतं, दोष डोळ्यांना दिसतो. पाझरणारा सांधा सापडला तर बंब मोडीत घालू नका. मोडवाला तांब्याचं वजन करतो, घडणीचे पैसे देत नाही. सोलापुरात झाळकाम करणाऱ्याकडे न्या, आणि ‘डाक नको, झाळ द्या’ असं स्पष्ट सांगा. डाकेचं कथील विस्तवाजवळ टिकत नाही, पहिल्याच जाळात वितळून जातं.