अरण्यशोध आणि कुमारांचे शिक्षण

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात कॅस्केड पर्वताच्या पश्चिम उतारावर दाट सूचिपर्णी अरण्ये आहेत. तेथे वाट चुकलेल्यांच्या शोधाची जबाबदारी परगण्याच्या शेरिफवर असते. परंतु त्याजवळचे मनुष्यबळ अपुरे पडे. १९४८ साली ओम डायबर, वुल्फ बाउअर व ऑटो ट्रॉट ह्या गिर्यारोहकांनी सिअ‍ॅटल येथे पर्वत-बचाव मंडळ स्थापिले. कड्यावरून जखमीस उतरविण्यास थोडे निष्णात लोक पुरतात. अरण्य धुंडाळण्यास मात्र शिस्तबद्ध अशी पुष्कळ माणसे लागतात. ही उणीव १९५४ पासून बालवीर संघटनेच्या ‘एक्सप्लोरर’ शाखेतील कुमार भरून काढू लागले.

नकाशा व होकायंत्र, प्रथमोपचार, थंडीपावसात रानात रात्र काढणे आणि ओळीने अंतर राखून शोध घेणे, हे ह्या शिक्षणाचे मुख्य विषय होत. शोधकच हरवला तर संकट दुणावते. म्हणून प्रथम स्वसंरक्षण, मग परोपकार, असा हा क्रम आहे. शोधाअखेर कधी प्रेतच हाती लागते. अशा कामी अल्पवयीनांना धाडावे काय, हा प्रश्न सोपा नव्हे. कसून शिक्षण व प्रौढांची सोबत हेच त्याचे उत्तर ठरले. बालवीरांचे सेवाव्रत येथे कवायतीपुरते न उरता परक्याच्या प्राणांशी जोडले गेले, ह्यातच ह्या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व आहे.